हिरवा दिवा नक्की काय सांगतो? फायरवॉलवर नजर ठेवायला शिकणाऱ्यांसाठी

दरवर्षी जुलैत आमच्या खोलीत दोन-तीन नवी मुलं-मुली येऊन बसतात. कुणी कलाभवनातून, म्हणजे इथल्या एम. एस. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, इंजिनिअर होऊन आलेलं, कुणी डिप्लोमा करून. समोरच्या भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर मकरपुरा, वाघोडिया, सावली, नंदेसरी, हालोल अशी नावं आणि प्रत्येक नावापुढे एक दिवा. कारखाने ग्राहकांचे, फायरवॉल (आतलं जाळं आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या पेट्या) त्यांच्या, त्या ज्या कपाटात बसवतात त्या रॅकची किल्लीसुद्धा त्यांच्याच वॉचमनकडे. त्या पेट्या नीट चालताहेत ना, हे इथे बडोद्यात अलकापुरीत बसून बघायचं काम मात्र आमचं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, लाल दिसलं की सांगायचं, झालं. पंधरा दिवसांत कळतं की लाल दिवा सोपा असतो. खरी पंचाईत हिरव्याची.

हिरवा दिवा म्हणजे आपण विचारलेल्या एका प्रश्नाला आलेलं "हो". प्रश्न कोणता होता हेच ठाऊक नसेल, तर त्या "हो"चा काही उपयोग नाही. हे मी कशी शिकले ते आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

माझं पहिलं वर्ष. सावलीकडच्या एका कारखान्यात फायरवॉलची जोडी होती. एक काम करते, दुसरी तयार उभी राहते, पहिली पडली की दुसरी काही सेकंदांत जागा घेते. दोघींचा मिळून एक सामाईक पत्ता असतो, आणि आम्ही नजर ठेवत होतो ती फक्त त्या पत्त्यावर. एका रात्री पहिलीचा पॉवर सप्लाय गेला. दुसरीनं काम उचललं, इंटरनेट चालूच राहिलं, कुणाची तक्रार नाही, आमचा दिवा हिरवा. एकोणीस दिवसांनी दुसरीही बंद पडली, तेव्हा जागा घ्यायला कुणीच उरलं नव्हतं. माल बाहेर न्यायला लागणारी ऑनलाइन ई-वे बिलं निघेनात, गेटवर माल भरलेल्या ट्रकांची रांग लागली. मी टॉर्च घेऊन रॅकपुढे उभी राहिले तर वरच्या पेटीवर धुळीचा पातळ थर बसलेला, एकही दिवा लागत नव्हता. शेजारी उभे असलेले वॉचमनकाका म्हणाले, "ए तो घणा दिवसथी बंध छे, बेन." त्यांना कितीतरी दिवसांपासून माहीत होतं. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं, आणि त्या पेटीलाही नाही.

पायरी पहिली: यादी करा, आणि तिच्यात माणसंही लिहा

कोणतंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी यादी. प्रत्येक पेटीचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर, फर्मवेअरची (पेटीच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, कोणत्या गावात, कोणत्या इमारतीत, कोणत्या रॅकमध्ये. इंटरनेटच्या लिंक किती, कोणाच्या, त्यांचा तक्रार क्रमांक काय. लायसन्स कधी संपतं. जोडी असेल तर दोन्ही पेट्या वेगवेगळ्या ओळींवर लिहा, एकाच ओळीत "जोडी" असं लिहून सोडू नका.

मग माणसं. दिवसा फोन कोण उचलतं, रात्री कोण, रॅकची किल्ली कुणाकडे, रविवारी गेट कोण उघडतं. नवी मुलं हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडतात आणि रात्री अडीच वाजता त्यावाचून अडतात. नंबर दर तीन महिन्यांनी एकदा फिरवून बघा. वॉचमन बदलतात.

नावं अशी ठेवा की नुसत्या नावावरून जागा कळावी: गाव, इमारत, क्रमांक. "फायरवॉल-नवी" असं नाव दोन वर्षांनी कुणालाच काही सांगत नाही.

पायरी दुसरी: एकाच पेटीकडे तीन वाटांनी बघा

पहिली वाट पिंगची. पेटीला हाक मारायची, ओ येते का बघायचं. ही सर्वांत स्वस्त वाट आणि सर्वांत कमी सांगणारीही. बऱ्याच फायरवॉल बाहेरच्या पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, त्यामुळे उत्तर आलं नाही म्हणजे पेटी बंद आहे असं नव्हे. उलटंही घडतं. मोठ्या फायरवॉलमध्ये व्यवस्थापनाचा भाग आणि वाहतूक हाकणारा भाग वेगळे असतात. व्यवस्थापनाचा भाग पिंगला आनंदानं उत्तर देत राहतो आणि तिकडे वाहतूक अडकलेली असते.

दुसरी वाट एसएनएमपीची, म्हणजे उपकरणांना त्यांची अवस्था विचारायच्या ठरलेल्या पद्धतीची. इथे आपण पेटीला तिच्या तब्येतीबद्दल नेमके प्रश्न विचारतो: प्रोसेसर किती वापरात, मेमरी किती, कोणता पोर्ट (तार लावायची जागा) चालू, किती वेळ न थांबता चालली आहे.

तिसरी वाट पेटी स्वतः धरते. व्यवस्थापनाखालची पेटी ठरावीक वेळानं केंद्रीय कन्सोलला (सगळ्या पेट्या एका जागेवरून सांभाळायच्या सॉफ्टवेअरला) हजेरी देते आणि कन्सोलवर "जोडलेली" असं दिसतं. ही हजेरी उपयोगाची आहेच. पण तिचा अर्थ एवढाच की पेटी आपल्या कन्सोलपर्यंत पोचते. कारखान्यातल्या लेखा विभागाचा संगणक बाहेर पोचतो का, याचं उत्तर त्यात नाही. ते हवं असेल तर आतल्या जाळ्यातूनच एखादी छोटी तपासणी चालवावी लागते: दर पाच मिनिटांनी एखाद्या वेबसाइटच्या नावाचा पत्ता शोधून बघायचा, एखादं पान उघडून बघायचं.

तिन्ही वाटांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. पिंग येत नाही पण कन्सोलवर हजेरी आहे, तर बहुधा बाहेरून मारलेली पिंगच अडवलेली आहे. पिंग येते पण एसएनएमपी गप्प, तर पासवर्ड किंवा परवानगीचा घोळ शोधा. तिन्ही गप्प असतील तर फोन उचला.

पायरी तिसरी: एसएनएमपी लावताना घाई नको

आवृत्ती तीनच वापरा. पहिली आणि दोन-सी या आवृत्त्यांमध्ये पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द उघडाच जातो, आणि कितीतरी ठिकाणी तो पेटी बनवणाऱ्या कंपनीकडून आला तसा "पब्लिक" असाच राहिलेला सापडतो. आवृत्ती तीनमध्ये ओळख पटवणं आणि मजकूर कुलूपबंद करणं दोन्ही आहे. दोन्ही चालू करा. खातं फक्त वाचण्यापुरतं ठेवा, आणि पेटीवर नियम लावा की या प्रश्नांना आमच्या मॉनिटरिंग सर्व्हरच्या पत्त्यालाच उत्तर द्यायचं. प्रश्न यूडीपी (पोचल्याची पावती न मागता संदेश पाठवायची पद्धत) १६१ या पोर्टवर जातात; इथे पोर्ट म्हणजे तारेची जागा नव्हे, संदेशासाठी ठरलेला क्रमांक. पेटी आपणहून ओरडते ते ट्रॅप १६२ वर येतात.

ट्रॅपवरच विसंबू नका. यूडीपीवरचा संदेश वाटेत हरवला तर कुणालाच कळत नाही, आणि वीज गेलेली पेटी ओरडू शकत नाही. ठरावीक वेळानं आपण विचारत राहायचं आणि ट्रॅप आला तर तो वरचा फायदा समजायचा.

आकड्यांच्या दोन खोड्या इथेच सांगते. पोर्टवरून किती बाइट गेले हे मोजणारा जुना मोजणारा ३२ बिटांचा असतो. एक गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर तो साधारण ३४ सेकंदांत भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आपण दर पाच मिनिटांनी विचारतो, म्हणजे मधे तो कितीदा फिरला ते कळायला मार्ग नाही, आणि आलेख खोटा येतो. म्हणून ६४ बिटांचे मोजणारे निवडा. दुसरी खोडी "किती वेळ चालू" या आकड्याची. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि तोही ३२ बिटांचाच, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी शून्य होतो. सोळा महिन्यांहून जास्त न थांबता चाललेली पेटी एका पहाटे "नुकतीच रीस्टार्ट झाली" असं सांगायला लागते. इतके दिवस रीस्टार्ट नाही, म्हणजे बहुधा फर्मवेअरही तेवढंच जुनं आहे. फर्मवेअर बदलायचं टिकेट, म्हणजे कामाची नोंद, मात्र जरूर काढा.

पायरी चौथी: काय काय विचारायचं

प्रोसेसर, मेमरी, तापमान, पंखे, पॉवर सप्लाय, पोर्ट हे सगळे विचारतातच, प्रश्नांच्या तयार यादीत, म्हणजे टेम्पलेटमध्ये, ते असतं. नजर ठेवायच्या सॉफ्टवेअरपैकी झॅबिक्स वापरा, नागिओस वापरा, लिब्रेएनएमएस वापरा, फार फरक पडत नाही. टेम्पलेटमध्ये जे सापडत नाही त्यावर मी जास्त वेळ घालवते.

जोडीतल्या दोन्ही पेट्यांना त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर विचारा. तू जिवंत आहेस का, तू काम करते आहेस की उभी आहेस, तुझी बहीण तुला दिसते का, तुमची सेटिंग जुळते का. चारही उत्तरं हवीत. दोघी एकमेकींना दिसेनाशा झाल्या तर दोघीही आपणच मुख्य समजून कामाला लागतात आणि जाळ्याचा विचका होतो.

जादा लिंकचंही तसंच. मुख्य लिंक चालू असताना जादा लिंक मेली तर कुणाला पत्ता लागत नाही. पोर्टवर दिवा लागलेला असतो, कारण तार मोडेमपर्यंत शाबूत आहे. पुढे काही नाही. म्हणून त्या लिंकमधूनच बाहेर जाणारी पिंग लावा.

व्हीपीएनचा बोगदा (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारी कुलूपबंद वाट) "चालू" दिसतो तेव्हा पलीकडच्या एखाद्या खऱ्या मशीनला बोगद्यातून पिंग करून बघा. हा बोगदा उभारायच्या आयपीसेक या पद्धतीत दोन टप्पे असतात. पहिला टप्पा उभा आणि दुसरा पडलेला, असं चित्र वारंवार दिसतं, आणि काही डॅशबोर्ड पहिल्या टप्प्यावरच हिरवा रंग देतात. बोगदा नेमका ठरावीक तासांनी पडत असेल तर लिंकला दोष देऊ नका. दोन्ही टोकांची मजकूर कुलूपबंद करायची किल्ली बदलायची मुदत ताडून बघा.

लायसन्सची आठवण ९०, ३० आणि ७ दिवस आधी यायला हवी. लायसन्स संपलं तरी बहुतेक पेट्या वाहतूक चालू ठेवतात, फक्त नव्या धोक्यांची माहिती येणं थांबतं. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. त्यामुळे "अपडेट चालू आहे का" असं विचारू नका, "शेवटचं अपडेट कोणत्या तारखेचं" असं विचारा, आणि ती तारीख तीन दिवसांहून जुनी झाली की पिवळा लावा.

आणि एक, कन्सोलवर "सेटिंग जुळत नाही" असं आलं तर लगेच जुळवून टाकायचं बटण दाबू नका. कुणीतरी थेट पेटीवर जाऊन काही बदललं आहे. कारखान्यातल्या मुलानं प्रिंटरसाठी पोर्ट उघडला असेल. पण घुसखोरही असंच करतो. आधी बदल वाचा, कुणाच्या खात्यावरून आणि किती वाजता झाला ते बघा, मग फोन करा.

पायरी पाचवी: करड्या रंगाला मान द्या

आमच्याकडे चार रंग आहेत. हिरवा, पिवळा, लाल आणि करडा. करडा म्हणजे उत्तर आलं नाही, माहीत नाही. काही ठिकाणी उत्तर आलं नाही की शेवटचा माहीत असलेला रंग तसाच ठेवतात, म्हणजे मेलेली पेटी हिरवी राहते. काही ठिकाणी करड्याला सरळ लाल करतात. मला दोन्ही पटत नाही.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्या दिवसांत हे नीट समजलं. एकामागून एक नावं करडी होत गेली. शहराच्या किती तरी भागांत वीज बंद होती, यूपीएस दोन-चार तासांत संपले. पण काही ठिकाणच्या पेट्या व्यवस्थित चालू होत्या, आमच्याच बाजूची एक लिंक गेली होती. "दिसत नाही" याचं एक कारण "बघणाऱ्याला दिसत नाही" हेही असतं. त्यानंतर आम्ही एक छोटी तपासणी-मशीन दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये ठेवली. पाच-सहा जागा एकदम करड्या झाल्या की आधी तिला विचारतो: तुला दिसतात का?

पायरी सहावी: अलर्ट आला. आता?

रीस्टार्ट करू नका. हे सर्वांत आधी. लहान पेट्यांमध्ये बरेचसे लॉग (घडामोडींच्या नोंदी) मेमरीतच असतात, रीस्टार्ट झाली की पुसले जातात आणि कारण कायमचं हरवतं. शिवाय काही पेट्यांवर चालू सेटिंग वेगळी आणि साठवलेली वेगळी असते. कुणी बदल करून साठवायला विसरलं असेल तर रीस्टार्टनंतर तो बदल गेला.

आधी बघा, एकच जागा आहे की अनेक. मग तिन्ही वाटा. मग त्या जागेवर शेवटचा बदल कधी झाला. आदल्या रात्री कुणी नियम बदलला असेल तर बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं. मग लिंकवाल्याची तक्रार खिडकी. आणि मग वॉचमनकाकांना फोन.

हा फोन कसा करायचा ते मुद्दाम शिकवते. काकांना फायरवॉल म्हणजे काय ते माहीत नसतं, माहीत असायची गरजही नाही. "काका, लाइट छे?" हा पहिला प्रश्न. अर्धी टिकेटं इथेच सुटतात. दुसरा: "पेला डब्बामां लीली लाइट बळे छे?" म्हणजे, त्या डब्यात हिरवा दिवा लागलाय का? लीली म्हणजे हिरवी, आपल्या निळीशी गल्लत करू नका. बडोद्याबाहेरून आलेली मराठी मुलं हमखास करतात. तिसरा: मोडेमवर लाल दिवा आहे का. शक्य असेल तर फोटो मागवा, व्हॉट्सअॅपवर आलेला रॅकचा एक फोटो दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो. हाताला विजेचा धक्का बसेल अशी कोणतीही गोष्ट त्यांना करायला सांगू नका, आणि पावसाचं पाणी साचलेल्या खोलीत तर पाऊलही टाकायला सांगू नका. पेटी दुसरी येते.

पायरी सातवी: अलर्ट कमी करा

दिवसाला चारशे अलर्ट येणाऱ्या खोलीत कुणीच अलर्ट वाचत नाही. एक पिंग हुकली म्हणून लाल करू नका, ओळीनं तीन हुकल्यावर करा. प्रोसेसर ८० टक्क्यांवर गेला म्हणून लगेच उठू नका. नवी धोक्यांची यादी उतरवताना तो मिनिटभर चढतोच. दहा-पंधरा मिनिटं वरच राहिला तर बघा. नवी पेटी जोडली की दोन आठवडे नुसतं बघा, तिचं रोजचं वागणं कळू द्या, मग मर्यादा ठरवा. तीन पाळ्यांत चालणारा कारखाना आणि संध्याकाळी सहाला कुलूप लागणारी कचेरी यांना एकच मर्यादा लावून चालत नाही.

अवलंबित्व लिहा. फायरवॉल पडली तर तिच्या मागचे बारा नेटवर्क स्विच आणि चाळीस कॅमेरे वेगवेगळे ओरडायला नकोत, एकच अलर्ट यावा. ठरवून केलेल्या दुरुस्तीची वेळ आधी नोंदवा, आणि ती संपायची वेळही. उघडी राहिलेली दुरुस्तीची नोंद म्हणजे डोळ्यावर बांधलेली पट्टी.

आमच्याकडे १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण नि वासी उत्तरायणाला, गच्चीवरच्या रेडिओ लिंक आणि खांबांवरून गेलेल्या तारा यांच्यावर मांजा अडकतो, लिंक मिनिटागणिक पडते आणि उठते. या दोन दिवसांत अलर्टच्या मर्यादा ढिल्या करायचा मोह होतो. आम्ही त्या तशाच ठेवतो आणि एक माणूस जास्त बसवतो.

पायरी आठवी: लॉग आणि घड्याळ

पेटीचे लॉग पेटीतच ठेवू नका, बाहेर सिसलॉग सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांचे लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरवर, पाठवा. नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१४, पण इंटरनेटवरून जाणार असतील तर टीएलएसमधून (मजकूर कुलूपबंद करून) ६५१४ वर. गांभीर्याच्या पायऱ्या शून्यापासून सातपर्यंत: शून्य सर्वांत गंभीर, सात म्हणजे नुसती बारीकसारीक माहिती. एरवी मोठा आकडा म्हणजे मोठं संकट असं वाटतं, इथे उलटं आहे.

लॉग बंद होणं हाच एक अलर्ट समजा. रोज लाखभर ओळी पाठवणारी पेटी एक तास गप्प राहिली, तर डिस्क भरली असेल, वाट तुटली असेल किंवा कुणीतरी मुद्दाम तोंड बंद केलं असेल.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि त्यात सांगितलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायलाही त्यात सांगितलं आहे. घड्याळाचं महत्त्व चौकशीच्या दिवशी कळतं: एक पेटी भारतीय वेळ लिहिते, दुसरी साडेपाच तास मागची जागतिक वेळ, तिसरीचं घड्याळ सात मिनिटं पुढे. मग कोण आधी घुसलं, काय नंतर झालं, काही लागत नाही. म्हणून पेटीच्या घड्याळातला फरकही मोजा, दोन सेकंदांच्या पुढे गेला की पिवळा.

आपला मॉनिटरिंग सर्व्हरही जपा. त्याच्यापाशी सगळ्या पेट्यांच्या वाटा आणि ओळखी असतात. पेट्यांचं व्यवस्थापनाचं पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका, दुहेरी ओळखीशिवाय कुणाला आत घेऊ नका.

पायरी नववी: पाळी सोपवताना, आणि महिन्यातून एकदा

पाळी संपताना "सगळं ठीक" असं लिहू नका. कोणत्या जागा करड्या आहेत, कधीपासून, कुणाला फोन झाला, तो काय म्हणाला, हे लिहा. आमच्याकडे अजून वही आहे, सॉफ्टवेअर असूनही. सकाळी येणारी मुलगी आधी वही वाचते, मग स्क्रीन बघते.

आणि महिन्यातून एकदा, ग्राहकाची परवानगी घेऊन, कामाची वेळ टाळून, स्वतःच एक पेटी पाडून बघा. सावलीच्या त्या कारखान्यात आम्ही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी हे करतो. काका फोन कानाला लावून रॅकपुढे उभे राहतात आणि सांगतात: उपरनी बंध, नीचेनी लीली. आमच्या स्क्रीनवर वरच्या पेटीचा अलर्ट उमटलेला दिसल्यावरच आम्ही त्यांना ती पुन्हा चालू करायला सांगतो.